जेन ऑस्टिनचा शालजोडीतला कसा ओळखायचा

दर दोनतीन महिन्यांनी मला कुणीतरी विचारतंच, की अगं ही जेन ऑस्टिन, दोनशे वर्षांपूर्वीची इंग्लिश कादंबरीकार, एवढी विनोदी म्हणतात मग आम्हाला हसू का येत नाही, पन्नास पानं वाचली आणि नुसते नाच, चहा आणि कुणाच्या मुलीचं कुणाशी जमतंय एवढंच दिसलं. प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची तिच्याशी ओळख होते कॉलेजच्या सिलॅबसमध्ये, तिथे 'आयरनी' (उपरोध) नावाचं दहा मार्कांचं उत्तर पाठ करायचं असतं आणि पाठ केलेल्या गोष्टीवर हसू येणं कठीणच. पण तिला वाचायला जे कान लागतात ते मराठी घरात वाढलेल्या माणसाकडे आधीपासून असतात असं मला अगदी मनापासून वाटतं. लेकी बोले सुने लागे हे आपल्याला कुणी वर्गात शिकवलेलं नाही, लग्नघरात मानपानावरून काय बोललं जातं आणि त्याचा खरा अर्थ काय असतो हे आपण लहानपणापासून कोपऱ्यात बसून ऐकलंय. ऑस्टिनचं कसब नेमकं तेच, जोडा आहेच, पण तो इतक्या मऊ शालीत गुंडाळलेला की वाचणारा शालीची नक्षीच बघत राहतो. तर तो जोडा कसा शोधायचा हे मी माझ्या पंधरावीस वर्षांच्या वाचनातून जमेल तसं सांगते.

सगळ्यात आधी तिचे कोट्स वाचणं बंद करा. कॉफीचे मग, बुकमार्क, पोस्टर, स्टेटस, सगळीकडे तिची वाक्यं सुटी करून छापलेली असतात आणि सुटं केलं की तिचं वाक्य मरतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडच्या नोटेवरच आहे. २०१७ साली, तिला जाऊन २०० वर्षं झाली तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने १० पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र आणलं आणि खाली तिचं म्हणून वाक्य छापलं, की शेवटी वाचनासारखा आनंद दुसऱ्या कशातच नाही. किती छान ना? आता 'प्राइड अँड प्रेजुडिस'चा ११ वा चॅप्टर उघडून बघा. हे वाक्य म्हणते कॅरोलाइन बिंगली. तिला डार्सी, म्हणजे गोष्टीतला श्रीमंत नायक, हवाय, डार्सी पुस्तक वाचतोय, म्हणून तिनेही एक पुस्तक हातात घेतलंय, आणि ते का घेतलं तर तो जे वाचतोय त्याचा तो दुसरा खंड आहे म्हणून. निम्मा वेळ तिचं लक्ष त्याच्या पानावर. शेवटी कंटाळून ती मोठ्ठी जांभई देते, मग हे वाचनाच्या आनंदाचं वाक्य टाकते, वर म्हणते माझं स्वतःचं घर झालं की त्यात उत्तम लायब्ररी नसेल तर माझं काही खरं नाही. कुणी उत्तर देत नाही. ती परत जांभई देते आणि पुस्तक बाजूला फेकते.

म्हणजे वाक्य वाचायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, कोण बोलतंय, कुणाला ऐकू जावं म्हणून बोलतंय, आणि बोलताना तोंडाशिवाय बाकीचं शरीर काय करतंय. ही सवय एकदा लागली की अर्धं काम झालं, खरंच सांगते.

सुरुवात कुठून करायची हे पण विचारतात. 'मॅन्सफिल्ड पार्क' पहिलं घेऊ नका, ते सुंदर आहे पण त्याला धीर लागतो. 'प्राइड अँड प्रेजुडिस' पहिलं घ्यायला काहीच हरकत नाही पण सिनेमे बघून त्याची गोष्ट एवढी माहीत असते की आपण वाक्यं न ऐकताच पुढे पळतो. माझा सल्ला वेगळा आहे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' घ्या (हे तिचं छापलेलं पहिलं पुस्तक, १८११ साली आलं, वर तिचं नाव नव्हतं, फक्त 'एका बाईने लिहिलेलं' एवढंच), आणि त्याचा फक्त दुसरा चॅप्टर वाचा. पाचसहा पानं असतील. हातात पेन्सिल घ्या आणि मार्जिनमध्ये आकडे लिहीत जा, हे महत्त्वाचं आहे.

मागचा संदर्भ एवढाच की वडील मरताना मुलाकडून, जॉन डॅशवूडकडून, वचन घेतात की तुझ्या सावत्र आईची आणि तीन सावत्र बहिणींची सोय बघ. जॉनकडे भरपूर आहे. तो ठरवतो की प्रत्येक बहिणीला १००० पौंड द्यायचे, म्हणजे ३०००, आणि दिवसभर त्याला स्वतःच्या दिलदारपणाचं बरं वाटत राहतं. मग बायको बोलायला लागते. फॅनी म्हणते, आपल्या छोट्या हॅरीच्या तोंडचा घास काढून त्या सावत्र बहिणींना? मग प्रत्येकी ५००, मार्जिनमध्ये लिहा, १५००. मग जॉनला वाटतं एकरकमी देण्यापेक्षा आईला वर्षाला १०० पौंडांचं वर्षासन लावून द्यावं. फॅनी म्हणते, आणि त्या १५ वर्षं जगल्या तर? आपण पुरते फसलो की. वर्षासन मिळतंय म्हटलं की माणसं मरतच नाहीत, आणि त्या तर ठणठणीत आहेत, जेमतेम चाळिशीच्या. हे ऐकून जॉनलाच सुचतं की ठराविक उत्पन्न दिलं तर त्या खर्च वाढवतील आणि वर्षअखेर हातात काहीच उरायचं नाही, त्यापेक्षा अधूनमधून ५० पौंड दिलेले बरे, त्यातच त्यांचं भलं आहे. मग फॅनी म्हणते, खरं सांगायचं तर तुमच्या वडिलांच्या मनात पैसे द्यायचं नव्हतंच, त्यांना म्हणायचं असेल घर शोधून द्या, सामान हलवायला मदत करा, मोसमात मासे आणि शिकार पाठवा. मार्जिनमध्ये लिहा, मासे. आणि इथेही थांबत नाही, त्या चौघींना वर्षाला ५०० मिळणार, ना गाडी ना घोडे, नोकरचाकर नावाला, चार बायकांना त्याहून जास्त लागतं काय, उलट त्याच तुम्हाला काहीतरी देऊ शकतील. आणि शेवटी तिला आठवतं की सासऱ्यांच्या घरातला नाश्त्याचा चिनी मातीचा सेट सावत्र सासूकडे जाणार आहे आणि तो इथल्यापेक्षा दुप्पट देखणा आहे.

३००० पासून कपबशांपर्यंत. या अख्ख्या बोलण्यात लेखिका मध्ये येऊन एकदाही म्हणत नाही की बघा ही माणसं कशी आहेत. प्रत्येक पायरीला दोघं एकमेकांना सांगतात की हे त्यांच्याच भल्याचं आहे, आणि जॉनला खरंच पटत जातं, तो लबाड नाहीये, तो प्रत्येक पायरीवर प्रामाणिकपणे समाधानी आहे. शहाणपण इथे आहे. माणूस वाईट वागताना स्वतःशी काय बोलतो याची इतकी अचूक नोंद मी दुसरीकडे क्वचितच वाचलीय. माझी एक आत्या आहे, इंग्लिश वाचत नाही, तिला मी हा सगळा सीन फोनवर मराठीत सांगितला. मधे एक शब्द बोलली नाही. कपबशांपर्यंत आले तेव्हा म्हणाली, "म्हणजे भांड्यांवर पण डोळा होता का तिचा." आणि मग तिने तिच्या माहेरच्या वाटण्यांच्या वेळचं असं काही सांगितलं जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

यावरूनच पुढचं, ऑस्टिन मोठ्याने वाचा. शक्य असेल तर कुणालातरी वाचून दाखवा. तिच्या घरी असंच व्हायचं. १८१३ च्या जानेवारीत 'प्राइड अँड प्रेजुडिस'ची प्रत लंडनहून तिच्या हातात आली, बहिणीला पत्रात ती लिहिते की माझं लाडकं बाळ आलं. त्याच दिवशी मिस बेन नावाची शेजारीण जेवायला होती, एकटी, गरीब बाई, तिला संध्याकाळी पहिल्या खंडाचा अर्धा भाग वाचून दाखवला आणि लिहिणारी समोर बसलीय याचा तिला पत्ता नव्हता. पुस्तकाची नायिका एलिझाबेथ तिला आवडतेय असं दिसल्यावर ऑस्टिनला झालेला आनंद पत्रात लपत नाही. काही दिवसांनी मात्र तक्रार आहे की आई फार भरभर वाचते, पात्रं तिला पूर्ण कळलीत पण ती जशी बोलायला हवीत तशी तिला बोलता येत नाहीत. म्हणजे लिहिणारीच्या कानात प्रत्येकाचा आवाज वेगळा होता. याच पुस्तकातला पाद्री मिस्टर कॉलिन्स एलिझाबेथला लग्नाची मागणी घालताना नंबर लावून कारणं देतो, पहिलं पाद्र्याने आदर्श घालून द्यावा, दुसरं माझ्या सुखात भर पडेल, तिसरं, जे खरं तर आधीच सांगायला हवं होतं, की त्याच्या आश्रयदात्या लेडी कॅथरीननी लग्न कर असं सांगितलंय. हे मनात वाचलं तर लांबण वाटते. सावकाश, स्वतःवर खूश असलेल्या माणसाच्या आवाजात मोठ्याने वाचा आणि बघा. वाचायला वेळ नसेल तर लिब्रिव्हॉक्सवर तिची सगळी पुस्तकं फुकट ऐकायला मिळतात आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला.

आता पैसे. तिच्या पुस्तकात कुणीही नवीन माणूस आला की दोन ओळींत त्याचं उत्पन्न येतं, आणि आपण ते तपशील म्हणून सोडून देतो, तसं करू नका, मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. डार्सी वर्षाला १०,०००. त्याचा मित्र बिंगली, कॅरोलाइनचा भाऊ, ४ किंवा ५ हजार. एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट २,०००, पण इस्टेट फक्त पुरुष वारसाला जाणार आणि त्यांना पाच मुलीच, म्हणजे बाप गेला की घर नात्यातल्या कॉलिन्सचं. आईचे म्हणून जे पैसे आहेत त्यातून एकेका मुलीच्या वाट्याला पुढे १००० पौंड, चार टक्क्यांनी वर्षाला ४० होतात. एका बाजूला १०,००० आणि एका बाजूला ४०. हा हिशोब डोक्यात ठेवून मिसेस बेनेटची बडबड परत वाचा, ती मूर्ख आहे, आरडाओरडा करते, चारचौघांत मुलींची लाज घालवते हे सगळं खरं, पण घरात या ४० पौंडांची भीती फक्त तिला वाटतेय. आणि मिस्टर बेनेट, ज्यांच्या प्रत्येक वाक्यावर आपण हसतो, ते लायब्ररीत बसून बायकोची थट्टा करतात. पुढे धाकटी मुलगी लिडिया पळून जाते तेव्हा कळतं की या माणसाने इतक्या वर्षांत मुलींसाठी काही बाजूला टाकलंच नाही, मुलगा होईल या भरवशावर सगळं खर्च होत गेलं. शेजाऱ्यांना हसायला आपण आणि आपल्याला हसायला शेजारी, यासाठीच तर जगायचं, हे वाक्य पण मगांवर छापतात. ते मिस्टर बेनेटचं आहे. ते ऐकताना एलिझाबेथ आतून किती अवघडलेली आहे ते त्या चॅप्टरमध्ये बघा.

मला स्वतःला ऑस्टिन खऱ्या अर्थाने इथे कळली. तिला विनोदी माणसं फार आवडतात, ती स्वतः तशीच होती, आणि तरी विनोदाची किंमत कोण भरतंय हे ती सोडत नाही.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण 'एमा'. पहिल्याच वाक्यात एमा देखणी, हुशार, श्रीमंत, आयुष्यातली उत्तमोत्तम वरदानं तिच्या ठायी एकत्र आल्यासारखी 'वाटत होती'. त्या 'वाटत होती'वर बोट ठेवा. आली होती म्हटलेलं नाही. वाटत होती कुणाला? गावाला, बापाला, मुख्य म्हणजे एमाला. तिच्या सगळ्या पुस्तकांत असे शब्द पेरलेले असतात, वाक्य लेखिकेचं दिसतं पण मत पात्राचं असतं, आणि आपण ते सत्य म्हणून गिळतो. अशी जागा सापडली की तिथे पेन्सिलने खूण करा. 'एमा' दुसऱ्यांदा वाचलं की कळतं की एका जोडप्याचं अख्खं गुपित आपल्या डोळ्यासमोर होतं, आपणच एमाच्या डोक्यातून बघत होतो म्हणून दिसलं नाही. तेव्हा हे पुस्तक दोनदा वाचायचं असं आधीच ठरवून टाका, आणि दुसऱ्या वेळी मिस बेट्सची बडबड वगळू नका.

मिस बेट्स म्हणजे गावातली लग्न न झालेली, पैसे नसलेली, म्हातारी आई सांभाळणारी, अखंड बोलणारी बाई. पहिल्या वाचनात सगळेच तिची पानं उलटतात, मी पण उलटली. मग बॉक्स हिलवरची सहल येते. उकाडा, सगळ्यांचा मूड बिघडलेला, खेळ निघतो की प्रत्येकाने एक खूप हुशारीची गोष्ट सांगायची, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स हसत म्हणते, मग मला सोपं आहे, मी तोंड उघडलं की तीन कंटाळवाण्या गोष्टी निघणारच. आणि एमा म्हणते, अहो पण एक अडचण आहे, एका वेळी तीनच सांगता येतील.

हे वाचून आपल्याला हसू येतं. येतंच, कारण वाक्य फार चांगलं बसलंय. आता पुढच्या ओळी अगदी हळू वाचा. मिस बेट्सला आधी कळतच नाही, एमाच्या बोलण्यातल्या खोट्या अदबीमुळे. मग कळतं, आणि ती चिडत नाही, चेहरा जरा लाल होतो. ती एमाच्या जुन्या स्नेह्याकडे, मिस्टर नाइटलीकडे, वळून म्हणते, कळलं मला त्यांना काय म्हणायचंय, मी गप्प बसायचा प्रयत्न करेन, मी फारच नकोशी होत असेन, नाहीतर जुन्या मैत्रिणीला त्या असं बोलल्या नसत्या. घरी निघताना नाइटली एमाला गाडीपाशी गाठून सांगतो की हे फार वाईट केलंस. ती तुझ्या बरोबरीची असती, पैसेवाली असती, तर मी सोडून दिलं असतं, पण ती गरीब आहे, चांगल्या घरातून खाली आलीय आणि म्हातारपणी अजून खाली जाईल. एमा परतीच्या वाटेवर जवळजवळ पूर्ण रस्ता रडते, अश्रू आवरायचेही कष्ट घेत नाही.

लेखिकेने इथे काय केलंय बघा. तीनशे पानं तिने आपल्याला मिस बेट्सवर कंटाळायला शिकवलं आणि मग आपल्याच हसण्यासकट आपल्याला पकडलं. हे वाचताना मला दर वेळी ती मिस बेन आठवते, वाचून दाखवलेलं पुस्तक ऐकत बसलेली.

कादंबऱ्या दोनतीन झाल्या की पत्रं वाचा, आधी नको. साधारण १६० पत्रं उरलीत, बाकीची बरीच बहीण कॅसँड्राने जाळली. पत्रांत ती जास्त उघड बोलते, कधी कधी क्रूरपण. १७९८ च्या डिसेंबरमध्ये लिहिते की लोक फार छान वागलेले मला नकोच, त्यांच्यावर प्रेम करायचा त्रास वाचतो. २३ व्या वर्षी! पण त्याच पत्रांत शेवटी शेवटी भाचीला, फॅनीला, दिलेला सल्ला आहे, की प्रेम नसताना लग्न करण्यापेक्षा दुसरं काहीही सोसलेलं बरं, आणि दुसऱ्या एका पत्रात हेही, की एकट्या बायकांना गरीब असण्याची भयंकर खोड असते आणि लग्नाच्या बाजूने हा फार जोरदार मुद्दा आहे. दोन्ही वाक्यं एकाच बाईची. कुठलं खरं असं विचारू नका, दोन्ही तिने जगून लिहिलीत. १८०२ च्या डिसेंबरमध्ये हॅरिस बिग-विदर नावाच्या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली, तिने हो म्हटलं, आणि रात्र उलटल्यावर सकाळी नाही सांगितलं. तेव्हा ती २७ ची होत होती. १८०५ मध्ये वडील गेले आणि आई आणि दोघी बहिणी भावांच्या आधारावर आल्या, १८०९ मध्ये एडवर्ड या भावाने चॉटन गावातलं घर दिलं तेव्हा कुठे स्थिर जागा मिळाली. 'प्राइड अँड प्रेजुडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले. हे माहीत असलं की तिच्या पुस्तकातल्या आकड्यांकडे बघायची नजरच बदलते. 'प्राइड अँड प्रेजुडिस'मधली एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकास पण २७ ची आहे, आणि ती कॉलिन्सला हो म्हणते.

सगळ्यात शेवटी 'पर्सुएजन' ठेवा. हे तिचं पूर्ण झालेलं शेवटचं, ४१ व्या वर्षी ती १८१७ च्या जुलैमध्ये विंचेस्टरला वारली आणि पुस्तक त्यानंतर छापून आलं. यात विनोद कमी नाही, पण तो दमलेला, मायाळू झालाय. याचा शेवट तिने आधी एक लिहिला, मग तो आवडला नाही म्हणून परत लिहिला. जुन्या शेवटाची हस्तलिखित पानं आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिच्या छापलेल्या कादंबऱ्यांपैकी हस्ताक्षरातलं उरलेलं तेवढंच. मी आता जो सीन सांगतेय तो त्या जुन्या शेवटात नव्हता, तो तिने नव्याने लिहिताना आणला, तब्येत ढासळत असताना.

२३ वा चॅप्टर. अ‍ॅन एलियट २७ वर्षांची, आठ वर्षांपूर्वी तिने दुसऱ्यांचं ऐकून कॅप्टन वेंटवर्थला नकार दिलेला. खोलीत तो एका टेबलाशी पत्र लिहीत बसलाय, खिडकीपाशी अ‍ॅन आणि कॅप्टन हार्विल बोलतायत, पुरुष लवकर विसरतात की बायका. बोलणं हळू आवाजात चाललंय, आणि मध्येच टेबलाकडून बारीक आवाज होतो. काही नाही, वेंटवर्थची लेखणी खाली पडली. अ‍ॅन दचकते, तो वाटला त्याहून बराच जवळ बसलाय. हार्विल परत मुद्द्यावर येतो, म्हणतो सगळी पुस्तकं, सगळी गाणी, सगळ्या म्हणी बायकांच्या चंचलपणावर आहेत, पण तुम्ही म्हणाल ती पुरुषांनी लिहिलीत. अ‍ॅन म्हणते, म्हणेनच बहुतेक, आपली बाजू सांगायची सगळी सोय पुरुषांना होती, लेखणी त्यांच्याच हातात राहिलीय.

इथे वाचताना दोन ओळी मागे जा आणि ती लेखणी आत्ता कुठे आहे ते बघा.